सोयर, सुतक, दहावीचा निकाल आणि लग्न, सगळं एकाच उन्हाळ्यात

चरईकर

परवा शेवटचे पाहुणे गेले, जादाच्या गाद्या माळ्यावर चढल्या आणि आज दुपारी निवांत बसायला मिळालं. गेले दोन महिने घरात जे काही चाललं होतं ते सलग असं कुणाला सांगितलंच नाहीये. ज्यांच्या हातात पत्रिका पडली होती त्यांना अण्णांची बातमी उशिरा कळली. ज्यांना बातमी आधी कळली त्यांना 'मग लग्नाचं काय?' हे विचारवेना. म्हणून इथे लिहिते. शेवटी एक प्रश्न आहे, त्यावर खुशाल भांडा.

आम्ही ठाण्यात चरईत राहतो. मी, नवरा, मुलगी, यंदा दहावीला असलेला मुलगा, आणि अण्णा-आई, म्हणजे माझे सासू-सासरे. मोठे भाऊजी आणि वहिनी ऐरोलीला, त्यांचा मुलगा-सून त्यांच्यातच. नणंद पुण्याला.

लेकीचं लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरलं होतं. २०२४ च्या मेमध्ये गुरू-शुक्राचा अस्त, त्यामुळे मुहूर्तांचा दुष्काळ. त्या वर्षी अडलेली अर्ध्या ठाण्याची लग्नं २०२५ च्या मेमध्ये एकदमच निघाली. हॉल काही मिळेना. शेवटी घोडबंदर रोडला एक मिळाला, तोही कुणाचं तरी मोडलं म्हणून. जावई जूनमध्ये परदेशात नोकरीवर रुजू होणार होते, त्यामुळे तारीख हलवायला फारशी जागा नव्हती.

अक्षय्य तृतीयेला ऐरोलीत पुतण्याला मुलगी झाली. अण्णांना पणती! दुसऱ्याच दिवशी अण्णा हट्टाने रिक्षा करून निघाले. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली नेहमीप्रमाणे अडकले, घामाघूम होऊन पोचले, तिला पाच मिनिटं मांडीवर घेतलं आणि परत आले. आल्या आल्या नवऱ्याला म्हणाले, सोनाराकडे जा आणि सोन्याची फुलं करायला टाक. कुणीतरी म्हणालं, अण्णा, ती पणतू झाल्यावर उधळतात. त्यावर अण्णांनी नुसतं बघितलं. फुलांची ऑर्डर गेली.

७ मेच्या सकाळी अण्णा गेले. झोपेतच. ऑपरेशन सिंदूरच्या बातम्यांसाठी सगळा देश त्या सकाळी टीव्हीसमोर बसला होता, आमच्याकडेही बाहेरच्या खोलीत बातम्या लागल्या होत्या, आणि अण्णा बातम्यांना उठले कसे नाहीत म्हणून मी आत गेले. वय ८६. काही दुखणं नाही, खुपणं नाही. लोक म्हणतात 'भाग्याचं मरण'. असेल. घरच्यांना ते भाग्य पचायला वेळ लागतो.

नणंदेचा मुलगा चंदीगडला नोकरीला आहे, आजोबांचा फार लाडका. तिकडचा विमानतळ नेमका त्याच दिवशी बंद. तो रस्त्याने दिल्लीला आला आणि तिथून विमानाने, तोवर जवाहरबाग स्मशानभूमीत सगळं आटोपलं होतं.

आता आंब्यांचं. लग्नासाठी म्हणून अण्णांनी रत्नागिरीहून यंदा एकाच्या जागी चार पेट्या सांगून ठेवल्या होत्या. त्या आल्या ते सुतकात. आढी लावणं हे आमच्या घरात अण्णांचं खातं. आतल्या खोलीत पलंगाखाली गवत पसरायचं, एकेक फळ हातात घेऊन अंगठ्याने न दाबता नुसतं तळव्यावर तोलायचं, एक दिवसाआड उलथवायचं, मऊ पडलेलं बाजूला काढायचं. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. 'तुम्ही बोटं खुपसता' म्हणायचे. ह्या वेळी पेट्या आल्या, हमालाने दारात ठेवल्या, कुणीतरी आत सरकवल्या आणि तशाच राहिल्या. मेचा उकाडा. चार-पाच दिवसांत घरभर वास. भेटायला आलेली माणसं चपला काढून आत यायची, मान खाली घालून सतरंजीवर टेकायची आणि मग त्यांच्या नाकाला तो वास लागायचा. चेहऱ्यावर काय आणावं ते कळायचं नाही त्यांना. शेवटी अण्णांच्या तलावपाळीच्या सकाळच्या कट्ट्यावरचे एक आजोबा स्पष्ट बोलले, "अहो, आंबे उतरायला लागले. वाटून टाका." मी म्हटलं, सुतकाच्या घरातलं कोण घेणार? ते म्हणाले, "फळाला कसलं सुतक?" आणि स्वतः दोन पिशव्या भरून घेऊन गेले. मग बिल्डिंगमधले सगळेच आले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या वाटणीच्या आंब्यांचा रस काढून फ्रीजरमध्ये ठेवला आणि तेरावं झाल्यावर गोडाच्या जेवणाला पातेलंभर घेऊन आल्या. आईंनी दोन वाट्या खाल्ला.

दहावं झाल्यावर लग्नाचा विषय निघाला. व्याही-विहीणबाई डोंबिवलीहून भेटायला आले होते, 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाले. चुलत सासऱ्यांचं म्हणणं, वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. लेक म्हणाली रद्द करा. नवरा गप्प. सगळ्यांचे डोळे आईंकडे. अशा वेळी घरातली म्हातारी माणसं 'माझ्यासाठी थांबू नका, त्यांचीही हीच इच्छा होती' वगैरे म्हणतात असं आपण ऐकतो. आई तसलं काही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "करायचं तर करा. मला विचारू नका. मला आत्ता लग्न बघवायचं नाही."

निर्णय मी घेतला. तारीख तीच ठेवली. संगीत, बँड, राहिलेली केळवणं रद्द. जेवणाची ताटं कमी केली, विधी सगळे ठेवले. हॉलवर वधूपक्षाला दोन खोल्या होत्या, त्यातली आतली मी आईंना आणि त्यांच्या बहिणीला देऊन टाकली आणि घरात सगळ्यांना बजावलं, त्यांना कुणी बोलवायला जायचं नाही, 'आता डोळे पुसा' म्हणायचं नाही, नटवायचं नाही. वाटलं तर येतील. त्या मंगलाष्टकांना आल्या, मागच्या खांबापाशी उभ्या राहिल्या, अक्षता टाकल्या आणि आत जाऊन पडल्या. वरण-भात खोलीतच जेवल्या. कुठल्याही फोटोत त्या नाहीत.

यावरून आता बोलणी खातेय. 'निदान एका फोटोला तरी बसवायचं होतं', 'लोकांना काय वाटलं असेल', आणि दोघीतिघींनी तर तोंडावर सांगितलं की लग्न पुढेच ढकलायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. पुन्हा वेळ आली तरी हेच करीन. कार्य थांबवू नये, पण ज्याचं माणूस गेलंय त्याच्याकडून हसू वसूल करू नये, इतकंच माझं म्हणणं. तुमच्याकडे असं एकावर एक आलं तेव्हा काय केलंत?

---

दोन_नंबर_फलाट

अण्णांना श्रद्धांजली. लेकीला आणि पणतीला आशीर्वाद. तिन्ही एकाच प्रतिसादात लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

आंब्यांचा परिच्छेद वाचून जरा वेळ थांबलो. आमच्याकडे वडिलांनी घातलेलं लिंबाचं लोणचं होतं, ते वर्षभर कुणी उघडेना.

एक विचारतो, घरीच गेले म्हणता, तर डॉक्टरांचा दाखला लगेच मिळाला का? आमच्या शेजारी फार धावपळ झाली होती त्यापायी.

---

पंचांगपंडित

शास्त्राचं तेवढं सांगतो, बाकी निर्णय घरचा.

जननाशौच (सोयर) चालू असताना मृताशौच (सुतक) आलं तर मृताशौच भारी. ते पुरतं पाळायचं. म्हणजे ऐरोलीचं सोयर वेगळं मोजत बसायची गरज नव्हती, दोन्ही एकदमच फिटलं. नणंदबाई दुसऱ्या गोत्रात गेल्या, त्यांना वडिलांचं तीन दिवस.

आणि लग्नाबाबत बहुतेकांना माहीत नसतं ते असं. नांदीश्राद्ध, म्हणजे कार्याआधी पितरांचं स्मरण करायचा विधी, होऊन गेलं असेल तर त्यानंतर आलेल्या अशौचाने कार्य अडत नाही. हे नांदीश्राद्ध लग्नाच्या आधी दहा दिवसांपर्यंत करता येतं, मुंजीच्या आधी सहा, चौलाच्या (जावळाच्या) आधी तीन. घरात कुणी अत्यवस्थ असेल, दारात कार्य असेल, तर जुने लोक म्हणूनच नांदी आणि देवक आधी उरकून घ्यायचे. शास्त्रकारांनाही ठाऊक होतं की माणसं मुहूर्त बघून मरत नाहीत.

तुमच्याकडे सुतक संपल्यावर कार्य झालं, म्हणजे तोही प्रश्न उरत नाही. 'तीन वर्षं थांबा' ही लोकरूढी.

---

नेरुळचा_निरीश्वर

पंडितजी, माहिती चोख. पण मला सांगा, सोयर भारी की सुतक भारी ह्याचं गणित मांडत बसण्यापेक्षा चरईकर ताईंनी जे केलं, एक खोली दिली आणि दार लावू दिलं, त्यात जास्त धर्म नाही का?

आम्ही काहीच पाळत नाही. बाबा गेले, दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात. आता तुम्ही म्हणाल कोरडा माणूस. असेन.

नेत्रदान केलंत का, हे विचारायचं होतं. ८६ वय असलं तरी चालतं, चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो. फक्त सहा तासांच्या आत व्हावं लागतं.

---

पंचांगपंडित

निरीश्वरराव, ज्यांना दुसऱ्या दिवशी ऑफिसात जावंसं वाटत नाही त्यांना दहा दिवस घरी बसायची सोय शास्त्राने करून ठेवली आहे. एवढ्या नजरेने बघा की सुतकाकडे. कुठली कंपनी देते हो दहा दिवस?

---

नेरुळचा_निरीश्वर

हे मात्र पटलं. तीन दिवस मिळाले असते, त्यातला एक रविवार.

---

चरईकर

@दोन_नंबर_फलाट, नाही हो, लगेच कुठलं. आमचे नेहमीचे डॉक्टर कुटुंबासह गावाला गेलेले. मे महिना! निम्म्या ठाण्याचे डॉक्टर मेमध्ये बाहेर असतात, हे आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. गल्लीतल्या दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, ते आले, तपासलं, पण ज्यांना कधी औषध दिलं नाही त्यांच्या मृत्यूचं कारण लिहायला ते बिचारे कचरत होते. त्यांचंही बरोबरच. मग अण्णांची फाईल बाहेर काढली. अण्णा स्वतः फाईल ठेवायचे, प्रत्येक कागदाला भोक पाडून, तारखेवार, बीपीची वही वेगळी. डॉक्टरांनी ती उभ्या उभ्या अर्धा तास वाचली, आमच्या डॉक्टरांना फोन लावला, दोघांचं बोलणं झालं आणि मग सही केली. घरात म्हातारी माणसं असतील त्यांनी दोन गोष्टी करा. फाईल जिथे सगळ्यांना सापडेल तिथे ठेवा, आणि नेहमीचे डॉक्टर सुटीवर असताना कुणाला बोलवायचं हे त्यांनाच विचारून ठेवा.

@नेरुळचा_निरीश्वर, हो, केलं. अण्णांनी फॉर्म भरून ठेवला होता. पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी घालायची, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, हे सगळं नेत्रपेढीच्या माणसांनी फोनवरच सांगितलं. ते येऊन वीसेक मिनिटांत गेलेसुद्धा. चेहरा अजिबात विद्रूप होत नाही. आईंना त्याचीच भीती होती.

---

मुक्काम_ऐरोली

कागदोपत्री भाग कुणीतरी लिहायला हवा, म्हणून.

जन्म असो की मृत्यू, नोंद २१ दिवसांच्या आत. दवाखान्यात झालं तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, घरी झालं तर घरच्यांची. घरच्या मृत्यूला डॉक्टरांचं कारणाचं प्रमाणपत्र ४-अ नमुन्यात लागतं, दवाखान्यातल्याला नमुना ४. स्मशानातली पावती जपून ठेवा. दाखल्याच्या प्रती पहिल्याच फेरीत भरपूर घ्या, कारण बँक, पेन्शन, विमा, गॅस, सोसायटी, प्रत्येकजण मागणार.

बाळाचं नाव ठरलं नसेल तरी जन्माची नोंद होते. नाव नंतर घालता येतं, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, मतदारयादी सगळीकडे जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरणार आहेत, तेव्हा नावाचं स्पेलिंग घालताना दहादा बघा. आमच्याकडे एका जादा 'ए'पायी चकरा झाल्या.

---

चरईकर

@मुक्काम_ऐरोली, हे काम आमच्याकडे मोठ्या भाऊजींनी केलं, एकाच दिवशी दोन्ही. सकाळी नवी मुंबईत नातीचं, दुपारी ठाण्यात वडिलांचं. संध्याकाळी घरी आले, पिशवीतून दोन प्लास्टिकची पाकिटं काढून टेबलावर ठेवली आणि वहिनींना म्हणाले, जरा बघ गं, अदलाबदल नाही ना झाली. नंतर बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसले. तोवर ते रडले नव्हते. स्मशानातही नाही.

---

सीवूडवाली

चरईकर ताई, तुमचं लिहिणं आवडलं, पण मी विरुद्ध बाजूची. मी पुढे ढकललं असतं.

आमचं सांगते. बाबा मार्चमध्ये गेले, भावाच्या मुलाची मुंज एप्रिलच्या अखेरीला ठरलेली. सगळ्यांनी हाच विचार केला, हॉल आहे, गुरुजी आहेत, मुलाची सुटी आहे. आई काहीच बोलली नाही. आम्ही ते 'हो' धरलं. मुंज थाटात झाली. आई मातृभोजनाला बसली, बटूला भिक्षावळीत लाडू घातला, आल्यागेल्याला 'जेवून जा हं' म्हणत फिरली. बघणारे म्हणायचे, काय धीराची बाई! नंतर माझी डिलिव्हरी आली, आई सीवूड्सला माझ्याकडे राहिली, बाळ-बाळंतीण, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं यथासांग. मग गणपती. मग माझी मावशी आजारी.

दिवाळीत पहिल्या आंघोळीला पहाटे चार वाजता ती तेल-उटणं घेऊन बसली, आणि पाटावर कुणाला बसवायचं ते तिला सुचेना. बाबांना ती सगळ्यांत आधी तेल लावायची. तिथेच बसून राहिली. त्या दिवसापासून तिने जेवण सोडलं म्हणा ना. दोन घास. कुणाशी बोलणं नाही. डॉक्टर, औषधं, समुपदेशन, मार्च उजाडला तेव्हा जरा माणसात आली. आम्हाला समुपदेशक बाईंनी सांगितलं, हे होणारच होतं, तुम्ही त्यांना मध्ये सवडच दिली नाहीत.

तुमच्या सासूबाईंनी स्पष्ट 'नाही' म्हटलं होतं. खोली दिलीत हे चांगलंच, पण तारीख तर तुम्ही तुमचीच ठेवलीत ना?

---

चरईकर

@सीवूडवाली, हो, ठेवली. ते मी नाकारतच नाहीये. तुमच्या आईंचं वाचून पोटात कालवलं.

फरक मला एवढाच दिसतो की तुमच्या आईंना लाडू वाढावे लागले आणि 'जेवून जा' म्हणत फिरावं लागलं. आमच्या आई हॉलवर दार लावून पडल्या होत्या आणि बाहेर सनई वाजत होती. तेही क्रूरच आहे, मान्य. पण लेकीचं लग्न डिसेंबरात केलं असतं तर आई सात महिने 'माझ्यामुळे अडलंय' हे उशाशी घेऊन झोपल्या असत्या. आमच्या आईंना मी पंचवीस वर्षं ओळखते. त्यांना दुःख झेपतं, उपकार झेपत नाहीत.

दिवाळीचं लक्षात ठेवीन. खरंच.

---

खाडीपलीकडचा

आमचं गाव गोठिवली, नवी मुंबईच्या आधीपासूनचं. आगरी घर. आमच्याकडे लग्न म्हणजे एका घराचं नसतंच, भावकीचं असतं. म्हणजे सुतकही भावकीचं. दोनशे घरांत कुणी ना कुणी आजारी असतंच, मग लग्नं करायची कधी?

माझ्या चुलत भावाची हळद होती. मांडव पडलेला, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण येऊन बसलेली, तिचे धवले सुरू, बाहेर डीजे. रात्री अकराला भावकीतले एक आजोबा गेले. चार जाणती माणसं मांडवामागे जमली आणि ठरलं, बातमी दाबायची. डीजेवाल्याला सांगितलं जनरेटर बिघडला म्हण. हळद पटापट उरकली, आणि सकाळी नऊचा मुहूर्त सोडून पहाटेच देवळासमोर अक्षता पडल्या. नवरीकडच्यांना फोन करून करून उठवलं, वहिनीची साडी तशीच नेसून नवरी आली. अक्षता पडल्या आणि मग बायकांना सांगितलं. एका मांडवात दोन्ही प्रकारची रडारड मी पहिल्यांदा पाहिली.

त्या आजोबांची सख्खी मुलगी रात्रभर हळदीत नाचत होती, तिला कुणी सांगितलं नाही. ती त्यानंतर चारही जाणत्यांशी कित्येक वर्षं बोलली नाही. मला तिचंच बरोबर वाटतं. लग्न करा, मोडा, पुढे ढकला, पण ज्याचं माणूस त्याला आधी कळलं पाहिजे. ताई, तुमच्या घरात निदान सगळं उघड्यावर झालं.

---

दोन_नंबर_फलाट

हा धागा पावसाळाभर चालणार.

---

तलावपाळी_ते_टेंभीनाका

माझा मुद्दा वेगळा. विहीणबाईंनी तुमच्या सासूबाईंना ओटी-बिटी भरायच्या वेळी काय केलं? कारण आमच्या ठाण्यात, शिकल्यासवरल्या घरांत, अजून विधवा बाईला हळदीकुंकवाच्या ताटापासून लांब बसवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. शहराला ग्रामसभा नसते, त्यामुळे आम्ही सुटलो!

---

चरईकर

@तलावपाळी, बरं झालं विचारलंत, हे मी लिहायचंच विसरले. आमच्याकडे बांगड्या वगैरे फोडू दिल्या नाहीत, नणंदेनेच ठणकावून सांगितलं. लग्नाच्या दिवशी विहीणबाई ताट घेऊन आईंच्या खोलीत गेल्या. मी दारात. त्यांनी कुंकवाची कोयरी पुढे केली, आईंनी कपाळ पुढे केलं. एवढंच. मग विहीणबाई खण-नारळ द्यायला लागल्या तर आई म्हणतात, "खण राहू दे, माझ्याकडे ब्लाउजपिसांचं कपाट भरलंय. नुसता नारळ द्या, खोबऱ्याच्या वड्या तरी होतील." दोघी हसल्या. दिवसभरात त्या तेवढ्याच हसल्या असतील आणि तेही कुणी हसवलं म्हणून नाही.

आणि हो, मुलाच्या निकालाबद्दल दोघींनी व्यक्तिगत निरोपातून विचारलंय. १३ मेला दुपारी एकला दहावीचा निकाल लागला, म्हणजे ऐन सुतकात. घरात वीस माणसं, गरुडपुराण वाचणारे गुरुजी आलेले. हा पठ्ठ्या फोन घेऊन जिन्यात जाऊन बसला. साइट उघडेना. खालच्या मजल्यावरची मुलगीही त्याच्याच वर्गातली, तीही जिन्यात. दोघांचे निकाल एकदमच उघडले आणि दोघं ओरडले. आतलं वाचन थांबलं. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "किती?" याने दारातून सांगितलं, ब्याण्णव. गुरुजी म्हणाले, "छान. गणितात?" मग पुढे वाचायला लागले. पेढे आणायचे की नाही यावर बायकांत कुजबुज झाली. शेवटी खालच्या घरातून त्यांचे पेढे वर आले, आमच्या घरात त्या दिवशी साखर वाटायची नव्हती पण दुसऱ्यांनी दिलेली खायला काय हरकत, असा तोडगा निघाला. पंडितजी, हा तोडगा कुठल्या ग्रंथात बसतो ते सांगा.

---

पंचांगपंडित

बसवतो. दोन दिवस द्या.

---

नेरुळचा_निरीश्वर

:D ह्या एका प्रतिसादासाठी पंडितजींना माझ्यातर्फे मामलेदार मिसळ.

---

दोन_नंबर_फलाट

लग्नाच्या दिवशी पाऊस होता ना? मेचा तो आठवडा आठवतोय. मुंबईत मान्सून २६ मेलाच दाखल झाला, एरवी ११ जूनची तारीख. माझ्या मित्राच्या रिसेप्शनला लॉनवर गुडघाभर चिखल, खुर्च्यांवर पाहुणे छत्री धरून जेवले.

---

चरईकर

होता तर. आमचं सगळं बंद हॉलमध्ये, म्हणून वाचलो. पण मेट्रोच्या कामाने आधीच अर्धा झालेला घोडबंदर रोड, त्यात पाऊस. नवरदेवाची गाडी कापूरबावडीला अडकली. ते शेवटी सोवळं-उपरणं पिशवीत घालून मित्राच्या स्कूटरवर मागे बसून आले, डोक्यावर बाशिंगाच्या जागी हेल्मेट. वरातीचा घोडा रद्द केला होता, त्याची उणीव भासली नाही.

---

सीवूडवाली

ते सगळं ठीक, पण सासूबाई आता कशा आहेत ते सांगा. तुम्ही निकाल, पाऊस, स्कूटर सगळं सांगितलंत.

---

चरईकर

@सीवूडवाली, पकडलंत.

बऱ्या आहेत म्हणवत नाही. लेक सासरी गेली, जावयापाठोपाठ ती पुढच्या महिन्यात परदेशी जाईल. आणि आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय, दिवाळीआधी घर रिकामं करायचंय, त्यामुळे भाड्याच्या जागा बघणं चाललंय. आईंना त्यात रस नाही. रोज दुपारी त्या अण्णांचं कपाट उघडून बसतात. आवरत नाहीत, नुसत्या बसतात. मी आत जात नाही. परवा मात्र हाक मारून विचारलं, सोनाराचे पैसे दिलेस का? मी म्हटलं, कसले? तर म्हणाल्या, फुलांचे. माझ्या ध्यानातच नव्हतं. सोनाराकडे गेले तर फुलं तयार होऊन पडली होती, महिनाभर.

वहिनींचं म्हणणं, पणजोबाच नाहीत, आता कुणावर उधळणार, फुलं मोडून बाळाला वाळे करूया. आई म्हणाल्या, पणजी मेली का? त्यामुळे बारशाला आईंना पाटावर बसवून त्यांच्यावरच उधळायची ठरली आहेत. त्यांनी स्वतःहून ठरवलेली ही पहिली गोष्ट, म्हणून मी मध्ये बोलले नाही. कदाचित ऐन वेळी नको म्हणतील. म्हणाल्या तर नको.

---

सीवूडवाली

म्हणाल्या तर नको, एवढं जपा. आणि दिवाळीत पहाटे त्यांच्याजवळ कुणीतरी असू द्या.

---

मुक्काम_ऐरोली

बारसं ऐरोलीतच का? नाव ठरलं? (स्पेलिंग!)

---

चरईकर

ऐरोलीतच, ह्या रविवारी. एरवी बाराव्या दिवशी करतो, सुतकाने राहिलं. नावावर पुतण्या आणि सून यांच्यात अजून तह झालेला नाही, दोन्ही नावं पाळण्याखाली कुजबुजून बघू म्हणतात. आत्याचा मान माझ्या लेकीचा, तिला डोंबिवलीहून आणायचंय. घुगऱ्यांचे हरभरे माझ्याकडे लागलेत आणि पन्नास माणसांना किती भिजवायचे यावर वहिनींचा आणि माझा फोनवर वाद चालू आहे. त्या म्हणतात चार किलो, मी म्हणते अडीच पुरे. कुणाला अंदाज असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

---

खाडीपलीकडचा

चारच घ्या. उरल्या तर उसळ होते, कमी पडल्या तर नाव जातं.